पुतिनांचा रशिया : सत्तेची भाषा आणि भाषेवरची सत्ता

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



रशिया हा आपल्याकडे जिव्हाळ्याचा विषय आहे. १९७१ च्या ऑगस्टमध्ये झालेला भारत-सोव्हिएत मैत्री करार आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी सुरक्षा परिषदेत सोव्हिएत संघाने आपल्या बाजूने वापरलेला नकाराधिकार या गोष्टी जुन्या पिढीच्या स्मरणात आहेत. कम्युनिझमशी आपले वैचारिक भांडण होते आणि आहे. परंतु रशियन जनतेविषयी आपल्या मनात कधीही आकस नव्हता. अलीकडच्या काळात तर आपल्या तरुण कार्यकर्त्यांमध्ये व्लादिमीर पुतिन या नावाचे एक विशेष आकर्षण निर्माण झालेले दिसते. विस्कटलेले राष्ट्र पुन्हा उभे करणारा, पाश्चात्त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवणारा कणखर नेता, अशी ती प्रतिमा आहे.

ही प्रतिमा निराधार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु एखाद्या राजवटीची परीक्षा करताना तिची रणगाडे आणि क्षेपणास्त्रे मोजून भागत नाही. तिने शब्दांचे काय केले, हेही पाहावे लागते. पंचवीस वर्षांहून अधिक काळ एकाच व्यक्तीभोवती फिरणाऱ्या सत्तेने रशियन भाषेत कोणते शब्द आणले, कोणते शब्द हद्दपार केले आणि त्याची किंमत कोणी मोजली, एवढाच आज माझ्या मांडणीचा विषय आहे.

वेद आणि इझ्वेस्तिया

रशियन भाषा आपल्याला वाटते तितकी परकी नाही. आपण ज्याला अग्नी म्हणतो त्याला रशियन माणूस 'ओगोन' म्हणतो. आपले 'नभ' म्हणजे त्यांचे 'नेबो', आपला 'भ्राता' म्हणजे त्यांचा 'ब्रात'. 'विद्' म्हणजे जाणणे. या धातूपासून आपल्याकडे 'वेद' शब्द झाला. त्याच प्राचीन मुळापासून रशियन भाषेत 'वेस्त' म्हणजे वार्ता आणि त्यावरून 'इझ्वेस्तिया' हा शब्द झाला. सोव्हिएत काळातील सरकारी वृत्तपत्राचे हे नाव आपल्याला परिचित आहे. पक्षाच्या मुखपत्राचे नाव होते 'प्रावदा', म्हणजे सत्य. एकाचे नाव वार्ता, दुसऱ्याचे सत्य. त्यावर मॉस्कोतील सामान्य माणूस दबक्या आवाजात म्हणत असे की, 'प्रावदा'त वार्ता नसते आणि 'इझ्वेस्तिया'त सत्य नसते.

हा विनोद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सत्य हे ज्याचे नाव, त्यातच सत्य नसावे, अशी अवस्था सात दशके टिकली तर समाजाचा शब्दावरचाच विश्वास उडतो. अफगाणिस्तानात १९७९ मध्ये गेलेल्या सैन्याला 'मर्यादित तुकडी' म्हटले गेले, तेथील लढाईला 'आंतरराष्ट्रीय कर्तव्य'. दहा वर्षांत सुमारे पंधरा हजार सोव्हिएत सैनिक त्या कर्तव्यात कामी आले. त्यांच्या शवपेट्या विमानाने परत येत तेव्हा सैनिकी बोलीत त्यांना 'माल क्रमांक २००' असे म्हणत. आईच्या मुलाचे नाव जाऊन तेथे क्रमांक आला. पुतिन यांनी जी भाषा पुढे चालवली तिची मुळे अशी खोल आहेत, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे.

विटलेले शब्द

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला. नव्या रशियात नवे शब्द आले : लोकशाही, सुधारणा, खुली बाजारपेठ, खासगीकरण. या शब्दांकडे लोकांनी मोठ्या आशेने पाहिले. प्रत्यक्षात काय घडले? कोट्यवधी लोकांची आयुष्यभराची बचत महागाईने गिळली. तेलविहिरी आणि खाणी मूठभरांच्या घशात गेल्या. पुरुषांचे सरासरी आयुर्मान १९९४ मध्ये अठ्ठावन्न वर्षांच्या आसपास उतरले. १७ ऑगस्ट १९९८ रोजी सरकारने कर्जफेड थांबवत असल्याचे जाहीर केले आणि रुबल कोसळला.

लोकांनी याचा सूड शब्दांवर उगवला. खासगीकरणाला रशियन भाषेत 'प्रिवातिझात्सिया' म्हणतात. लोक त्यात एका अक्षराची भर घालून 'प्रिख्वातिझात्सिया' म्हणू लागले. 'प्रिख्वातीत' म्हणजे हडपणे. लोकशाही या शब्दाचेही त्यांनी असेच एक विडंबन केले. ते या व्यासपीठावरून उच्चारण्याजोगे नाही. पाश्चात्त्य सल्लागारांना आणि त्यांच्या रशियन शिष्यांना हे कळलेच नाही की, एखाद्या राष्ट्रात एखाद्या शब्दाची एकदा अब्रू गेली की त्या शब्दामागची कल्पनाही पिढीभर अस्पृश्य ठरते. पुतिन यांच्या उदयाची भूमी या शब्दांच्या दिवाळखोरीने नांगरून ठेवली होती.

रांगडा शब्द, राकट शब्द

ऑगस्ट १९९९ मध्ये पुतिन पंतप्रधान झाले तेव्हा ते कोणाला फारसे ठाऊक नव्हते. सप्टेंबर महिन्यात मॉस्को आणि अन्य शहरांत निवासी इमारतींत स्फोट झाले आणि तीनशेच्या आसपास निरपराध माणसे झोपेत मारली गेली. २४ सप्टेंबर रोजी पुतिन यांनी एका पत्रकार परिषदेत सांगितले की, दहशतवादी शौचकूपात सापडले तरी तेथेच त्यांचा निकाल लावू. त्यांनी वापरलेले क्रियापद गुन्हेगारी जगातले होते. सुशिक्षितांनी नाके मुरडली, सामान्य माणूस मात्र सुखावला. कारण वर्षानुवर्षे त्याने अडखळणारे, आजारी, कधी मद्याच्या अंमलाखाली असलेले नेतृत्व पाहिले होते. येथे कोणीतरी त्याच्या भाषेत बोलत होता. ३१ डिसेंबर १९९९ रोजी येल्त्सिन पायउतार झाले आणि पुतिन हंगामी राष्ट्राध्यक्ष बनले.

त्यानंतरची आठ वर्षे रशियाला लाभदायक ठरली हे मान्य केले पाहिजे. १९९९ ते २००८ या काळात अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी सात टक्क्यांच्या आसपास वाढली. तेलाच्या चढत्या भावाचा त्यात मोठा हात होता. परंतु पगार आणि निवृत्तिवेतन वेळेवर मिळू लागले, हे सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने महत्त्वाचे होते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे कर्ज रशियाने २००५ मध्ये मुदतीआधी फेडले. राष्ट्राची मान ताठ झाली. त्याबद्दल रशियन जनतेने कृतज्ञ असावे यात गैर काही नाही.

परंतु याच काळात एक नवी परिभाषा रुजत होती. सत्तेवर येताच पुतिन यांनी 'कायद्याची हुकूमशाही' हा शब्दप्रयोग वापरला. अराजकाने गांजलेल्यांना त्यातील 'कायदा' ऐकू आला, 'हुकूमशाही'कडे त्यांनी दुर्लक्ष केले. पाठोपाठ 'सत्तेचा उभा दांडा' आला, रशियन भाषेत 'वेर्तिकाल व्लास्ती'. वरून आज्ञा निघावी आणि ती सरळ खाली शेवटच्या खेड्यापर्यंत जावी, अशी ही रचना. २००४ मध्ये बेस्लानच्या शाळेत दहशतवाद्यांनी तीनशेहून अधिक ओलिसांचा बळी घेतला. त्यानंतर दोनच आठवड्यांत प्रांतांच्या राज्यपालांची थेट निवडणूक रद्द करण्याचा निर्णय जाहीर झाला. दहशतवादाचा आणि राज्यपालांच्या निवडणुकीचा संबंध काय, हा प्रश्न 'उभ्या दांड्या'च्या परिभाषेत बसत नव्हता. सरकारवर टीका करणारी एनटीव्ही ही दूरचित्रवाहिनी २००१ मध्ये गॅझप्रॉम या सरकारनियंत्रित कंपनीच्या ताब्यात गेली तेव्हा सांगण्यात आले की, हा दोन आर्थिक संस्थांमधील वाद आहे. २००६ मध्ये व्लादिस्लाव सुर्कोव्ह या क्रेमलिनच्या अधिकाऱ्याने 'सार्वभौम लोकशाही' ही संज्ञा प्रचारात आणली. आम्ही बाहेरच्यांची शिकवणी घेणार नाही, हा तिचा अर्थ कोणत्याही स्वाभिमानी राष्ट्राला मान्य होईल. पण सार्वभौम कोण, जनता की सत्ताधीश, हे त्या संज्ञेत मोघम ठेवलेले होते. मोघमपणा हाच तिचा उपयोग होता.

'सलग' या एका शब्दाची कथा

१९९३ च्या रशियन राज्यघटनेत राष्ट्राध्यक्षपदासाठी 'सलग दोन' कार्यकाळांची मर्यादा होती. २००८ मध्ये पुतिन यांचे सलग दोन कार्यकाळ संपले. त्यांनी 'सलग' या शब्दाचा आधार घेतला. दिमित्री मेदवेदेव राष्ट्राध्यक्ष झाले आणि पुतिन पंतप्रधान. २४ सप्टेंबर २०११ रोजी दोघांनी पुन्हा खुर्च्यांची अदलाबदल करण्याचे जाहीर केले. रशियन माणूस बुद्धिबळाचा भोक्ता. त्याने या चालीला 'रोकिरोव्का' म्हटले, बुद्धिबळात राजा आणि हत्ती यांची जागा बदलण्याच्या चालीचे ते नाव आहे. दरम्यान घटनादुरुस्तीने कार्यकाळ चारवरून सहा वर्षांचा झालेला होता.

२०२० मध्ये घटनेत पुन्हा व्यापक दुरुस्त्या झाल्या. 'सलग' हा शब्द काढून टाकण्यात आला. कागदावर पाहता मर्यादा अधिक कडक झाली : आयुष्यात दोनच कार्यकाळ. मात्र अंतराळवीर म्हणून जगाला ठाऊक असलेल्या व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा यांनी संसदेत सुचवले की, विद्यमान राष्ट्राध्यक्षांचे आधीचे कार्यकाळ मोजू नयेत. या क्रियेला रशियन भाषेत 'ओब्नुलेनिये' म्हणतात, शून्यावर आणणे. वीस वर्षे एका शब्दाने शून्य झाली. त्याच दुरुस्त्यांत परमेश्वरावरील श्रद्धेचा आणि पूर्वजांच्या स्मृतीचा उल्लेख आला, रशियन ही 'राज्य घडवणाऱ्या लोकसमूहाची' भाषा असल्याचे कलम आले, विवाह म्हणजे स्त्री-पुरुषांचे मीलन ही व्याख्या आली. आपल्यापैकी अनेकांना त्यातील काही गोष्टी आवडतील. मलाही श्रद्धा आणि पूर्वज यांविषयी आदर आहे. परंतु या सगळ्यावर मतदान एकगठ्ठा होते. पूर्वजांना होकार द्यायचा तर शून्यालाही होकार द्यावा लागत होता. पवित्र शब्दांच्या पदराआड सत्तेचा हिशेब लपवला गेला. मार्च २०२४ च्या निवडणुकीत पुतिन यांना अधिकृत आकडेवारीनुसार ८७ टक्के मते मिळाली आणि त्यांचा कार्यकाळ २०३० पर्यंत गेला.

विरोधकाचे नामकरण

स्टालिनच्या काळात 'जनतेचा शत्रू' हे दोन शब्द माणसाला सायबेरियाच्या छावणीत पाठवायला पुरेसे होते. पुतिन यांच्या काळात असा एकच शब्द नाही, वेगवेगळे शिक्के आहेत. २०१२ मध्ये 'परकीय हस्तक' कायदा झाला. परदेशातून पैसा घेऊन देशात राजकारण करणाऱ्या संस्थांवर लक्ष ठेवावे, हा त्यामागचा घोषित हेतू. असा अंकुश प्रत्येक देशाला हवा असतो, आपल्यालाही आहे. पण त्या कायद्याची व्याप्ती वर्षागणिक वाढत गेली. प्रथम संस्था, मग माध्यमे, मग व्यक्ती. २०२२ नंतर तर परकीय पैशाची अटही उरली नाही, 'परकीय प्रभाव' पुरेसा झाला. शिक्का बसलेल्या माणसाने आपल्या प्रत्येक लिखाणावर मोठ्या अक्षरांत आपण परकीय हस्तक असल्याची सूचना छापायची. आपल्याच कपाळावर आपल्याच हाताने डाग द्यायचा, असा हा प्रकार.

'मेमोरियल' ही स्टालिनच्या बळींची नावे शोधून त्यांची नोंद ठेवणारी संस्था. डिसेंबर २०२१ मध्ये ती सर्वोच्च न्यायालयाने बरखास्त केली. त्यासाठी दिलेले एक कारण असे की, तिने आपल्या साहित्यावर 'परकीय हस्तक' ही सूचना नीट छापली नव्हती.

दुसऱ्या एका विरोधकाला नावच नाकारण्यात आले. अलेक्सेई नवाल्नी यांचा उल्लेख पुतिन वर्षानुवर्षे 'ती व्यक्ती', 'बर्लिनमधील तो रुग्ण' असा करीत. १६ फेब्रुवारी २०२४ रोजी नवाल्नी आर्क्टिक वर्तुळापलीकडील तुरुंगात मरण पावले. त्यांचे नाव पुतिन यांनी जाहीरपणे घेतले ते त्यानंतर महिन्याने, निवडणूक जिंकल्याच्या रात्री. नवाल्नी यांच्या मतांशी आपण सहमत असण्याची गरज नाही. पण मनुष्य हयात असेपर्यंत ज्याचे नाव सत्तेच्या ओठांवर येऊ शकत नाही, त्या सत्तेला भीती कशाची होती, हा प्रश्न पडतोच.

'युद्ध' हा निषिद्ध शब्द

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरल्या. त्याला नाव दिले गेले 'विशेष लष्करी कारवाई'. ही युक्ती नवी नव्हती. १९९४ मधील चेचन्यातील पहिले युद्ध 'घटनात्मक व्यवस्थेची पुनःस्थापना' होते. १९९९ मधील दुसरे 'दहशतवादविरोधी कारवाई' होते आणि ती कारवाई कागदोपत्री २००९ पर्यंत चालली. नवे होते ते शिक्षेचे प्रमाण. ४ मार्च २०२२ च्या कायद्याने सैन्याविषयी 'खोटी माहिती' पसरवणाऱ्यास पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवास ठरवण्यात आला, आणि खोटे काय ते सरकारी निवेदनावरून ठरणार होते. मॉस्कोतील अलेक्सेई गोरिनोव्ह या नगरसेवकाने मुलांच्या चित्रकला स्पर्धेच्या चर्चेत सांगितले की, युद्ध चालू असताना, तेथे मुले मरत असताना असल्या स्पर्धा कसल्या घेता? त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली.

सोव्हिएत काळात एक विनोद प्रचलित होता. लाल चौकात एक माणूस कोरी पत्रके वाटत असतो. कोरी का, असे विचारता तो म्हणतो, लिहायचे कशाला, सगळ्यांना ठाऊकच आहे. २०२२ मध्ये हा विनोद खरा झाला. हातात नुसता कोरा कागद धरून उभ्या राहिलेल्या माणसांना रशियन पोलिसांनी ताब्यात घेतले.

मग एक विलक्षण गोष्ट घडली. २२ डिसेंबर २०२२ रोजी स्वतः पुतिन यांच्या तोंडून 'युद्ध' हा शब्द निघाला. हे युद्ध संपवणे हे आपले ध्येय आहे, असे ते म्हणाले. पीटर्सबर्गच्या एका नगरसेवकाने लगेच त्यांच्याविरुद्ध तक्रार दाखल केली. अर्थात काही झाले नाही. मार्च २०२४ मध्ये क्रेमलिनचे प्रवक्ते पेस्कोव्ह यांनीही देश युद्धाच्या स्थितीत असल्याचे म्हटले. म्हणजे गुन्हा शब्दात नव्हता; तो शब्द कोणी उच्चारला यात होता. राजाला जे माफ ते प्रजेला फाशी, हा न्याय कायद्याच्या हुकूमशाहीत कायदा कोठे उरला ते सांगून जातो.

युक्रेनविषयीच्या या सगळ्या भाषेच्या मुळाशी 'रुस्की मीर' ही कल्पना आहे. रशियन भाषेत 'मीर' या शब्दाचे दोन अर्थ होतात : जग आणि शांती. १९१८ च्या लिपिसुधारणेपूर्वी हे दोन शब्द वेगळ्या अक्षरांनी लिहिले जात. नंतर ते दिसायलाही एक झाले. 'रुस्की मीर' म्हणजे रशियन भाषा आणि संस्कृती मानणाऱ्यांचे जग. २००७ मध्ये त्या नावाची सरकारी संस्था भाषाप्रसारासाठी स्थापन झाली तेव्हा कोणाला त्यात वावगे वाटले नाही. आपली भाषा जगभर पोहोचावी असे कोणाला वाटत नाही? पण २०२१ च्या जुलैमध्ये पुतिन यांनी दीर्घ लेख लिहून रशियन आणि युक्रेनी हे एकच लोक असल्याचे प्रतिपादन केले आणि पुढच्या वर्षी त्या एकत्वाच्या नावाने तोफा डागल्या. त्यांतील कित्येक तोफा खारकीव्हसारख्या रशियनभाषिक शहरावर पडल्या. संस्कृतीचे नाते हे बोलावण्याचे असते. बळाने ओढून आणायचे ते नाते राहत नाही. जगाचा अर्थ राहिला, शांतीचा अर्थ गळून पडला.

पाश्चात्त्यांचा शब्दच्छल

येथे कोणी म्हणेल की, वक्ते पाश्चात्त्य प्रचाराला बळी पडले. तेव्हा हेही स्पष्ट सांगतो. शब्दांची ही फसवणूक मॉस्कोची मक्तेदारी नाही. १९९९ मध्ये नाटोने युगोस्लाव्हियावर ७८ दिवस बॉम्बवर्षाव केला आणि त्याला 'मानवतावादी हस्तक्षेप' म्हटले. २००३ मध्ये 'सर्वसंहारक शस्त्रे' या शब्दांच्या आधारे इराकवर आक्रमण झाले. ती शस्त्रे सापडली नाहीत. मारल्या गेलेल्या सामान्य माणसांना 'आनुषंगिक हानी' म्हणणारी भाषा वॉशिंग्टनची आहे. पुतिन यांनी फेब्रुवारी २००७ मध्ये म्युनिक येथे एकध्रुवीय जगावर जो घणाघात केला त्यात तथ्य होते.

तरीही एक फरक नोंदवावा लागतो. इराकची शस्त्रे खोटी होती हे अमेरिकेतील वृत्तपत्रांनी, अमेरिकेतील समित्यांनी उघड केले आणि तसे करणारे तुरुंगात गेले नाहीत. खोटे सगळीकडे बोलले जाते. ते खोडून काढण्याची सोय राज्यात आहे की नाही, यावर राष्ट्राचे आरोग्य ठरते.

सत्तेचे बहिरेपण

खोट्या शब्दांनी जनता फसते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी शेवटी सत्ताधीशच फसतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. २१ फेब्रुवारी २०२२ रोजी क्रेमलिनमध्ये सुरक्षा परिषदेची बैठक दूरचित्रवाणीवर दाखवण्यात आली. एकेक मंत्री उठून आपले मत मांडत होता. परदेशी गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख नारिश्किन यांची पाळी आली तेव्हा ते अडखळले. काय बोलले असता साहेब प्रसन्न होतील याचा अंदाज त्यांना येईना. 'स्पष्ट बोला', पुतिन त्यांना पुन्हा पुन्हा म्हणाले. गोंधळलेले नारिश्किन जे विचारलेच नव्हते ते बोलून बसले आणि पुतिन यांना त्यांना दुरुस्त करावे लागले. ज्या माणसाचे काम राष्ट्राला जगाची खरी माहिती देणे, तोच उत्तर शोधण्यासाठी धन्याच्या चेहऱ्याकडे पाहत होता. वीस वर्षे वरून खाली आज्ञा नेणाऱ्या दांड्यातून खालून वर सत्य चढत नाही, याचे याहून बोलके दृश्य नाही.

तीन दिवसांनी फौजा निघाल्या. कीव्ह पडले नाही. मार्चअखेर तेथून घेतलेल्या माघारीला 'सदिच्छेचे पाऊल' म्हटले गेले, सप्टेंबरमधील खारकीव्ह प्रांतातील माघारीला 'फेरजुळणी'. ३० सप्टेंबर रोजी खेर्सोनसह चार प्रांत रशियात विलीन झाल्याचे घोषित झाले. खेर्सोनमध्ये फलक लागले होते की, रशिया येथे कायमचा आला आहे. ११ नोव्हेंबरला रशियन सैन्य शहर सोडून नदीपलीकडे गेले. 'कायमचा' हा शब्द विलीनीकरणानंतर सहा आठवडे टिकला. जून २०२३ मध्ये येवगेनी प्रिगोझिन या भाडोत्री फौजेच्या म्होरक्याने जाहीरपणे सांगितले की, युद्धाची जी कारणे संरक्षण मंत्रालयाने दिली ती खोटी होती. आणि दुसऱ्या दिवशी त्याने मॉस्कोच्या दिशेने कूच केले. दोन महिन्यांनी विमान कोसळून त्याचा अंत झाला. संसद, वृत्तपत्रे, न्यायालये यांना जे बोलता येत नव्हते ते अखेर एका बंडखोर सशस्त्र माणसाच्या तोंडून निघाले. सत्याची सरळ वाट बंद केली की ते अशा वाकड्या आणि रक्तरंजित वाटेने येते.

अलेक्सांद्र सोल्झेनित्सिन यांनी १९७४ मध्ये अटक होण्याच्या सुमारास एक छोटा निबंध लिहिला होता. असत्याच्या आधाराने जगू नका, असे त्याचे शीर्षक. सामान्य माणसाने क्रांती करू नये, तुरुंगातही जाऊ नये; फक्त जे खोटे आहे असे त्याला ठाऊक आहे ते स्वतःच्या तोंडाने बोलू नये, एवढीच त्यांची मागणी होती. याच सोल्झेनित्सिन यांना २००७ मध्ये पुतिन यांनी राष्ट्रीय पुरस्काराने गौरवले आणि त्यांच्या घरी जाऊन भेट घेतली. पुरस्कार दिला, सांगणे मात्र घेतले नाही.

आपल्यापुरते

आता शेवटचा मुद्दा. हे सगळे आपण येथे बसून कशासाठी ऐकायचे?

२०१४ च्या ऑक्टोबरमध्ये क्रेमलिनचे तत्कालीन वरिष्ठ अधिकारी आणि नंतर संसदेचे सभापती झालेले व्याचेस्लाव वोलोदिन यांनी एक समीकरण मांडले : पुतिन आहेत तर रशिया आहे, पुतिन नाहीत तर रशिया नाही. हे वाक्य ऐकून आपल्या कानांत कोणते दुसरे वाक्य घुमले? काँग्रेसचे अध्यक्ष देवकांत बरुआ यांनी इंदिरा म्हणजे इंडिया असे जे समीकरण मांडले, तेच. ते समीकरण आपल्या कार्यकर्त्यांनी तुरुंगात बसून खोटे पाडले. ४ जुलै १९७५ रोजी संघावर बंदी आली. वृत्तपत्रांवर प्रसिद्धिपूर्व नियंत्रण आले. विनोबांच्या नावाने 'अनुशासन पर्व' हे शब्द भिंतींवर झळकले. दडपशाहीला अनुशासन म्हटले गेले. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत यांनी, व्यासपीठावर सत्ताधारी मंडळी असताना, जे म्हणायचे ते म्हटले. त्यांना पुढे अटक झाली. दुर्गाबाई आपल्या विचारांच्या नव्हत्या, पण त्या दिवशी मराठी भाषेची लाज त्यांनी राखली.

डॉक्टरांनी संघात कोणा व्यक्तीला गुरुस्थानी न बसवता भगव्या ध्वजाला तो मान दिला. या निर्णयामागची दूरदृष्टी रशियाच्या उदाहरणावरून नव्याने उमगते. व्यक्ती कितीही थोर असली तरी ती चुकू शकते, थकू शकते, खुशमस्कऱ्यांच्या गराड्यात सापडू शकते. राष्ट्र आणि नेता यांच्यामध्ये बरोबरीचे चिन्ह आले की नेत्यावरील टीका हा राष्ट्रद्रोह ठरतो आणि मग नेत्याला खरे सांगणारा कोणी उरत नाही. हे भान आपण विरोधात असताना ठेवले, ते फार कठीण नव्हते. आपल्याला प्रिय असलेली माणसे सत्तेत असताना ते ठेवणे, ही खरी परीक्षा. उठसूट कोणाला 'हस्तक', 'गद्दार' म्हणण्याआधी आपण तो शब्द तोलून पाहतो का? आपल्या बैठकीत कार्यकर्ता अप्रिय वृत्त सांगू लागला तर आपण त्याचे ऐकून घेतो, की त्याच्या निष्ठेची चौकशी करतो? ज्याने त्याने हे आपापल्या मनाशी विचारावे.

मैत्रीतही सत्य बोलता येते. १६ सप्टेंबर २०२२ रोजी समरकंद येथे भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पुतिन यांच्या समोर बसून सांगितले की, आजचे युग हे युद्धाचे युग नाही. रशियात जो शब्द उच्चारल्याबद्दल माणसे तुरुंगात जात होती, तो 'युद्ध' हा शब्द त्यांनी रशियाच्या राष्ट्राध्यक्षांसमोर, सौम्यपणे आणि स्वच्छ हिंदीत उच्चारला. मैत्री तुटली नाही. तेलाचा व्यापार थांबला नाही. मित्राला खरे सांगण्याचे धैर्य असणे, हीच मैत्रीची प्रतिष्ठा होय.

रशिया हे महान राष्ट्र आहे. त्याची भाषा वेदांच्या भाषेची दूरची बहीण आहे. त्या भाषेत 'सत्य' हे वृत्तपत्राचे नाव होते आणि 'शांती' हे साम्राज्याचे नाव झाले. तरीही कोरा कागद घेऊन रस्त्यावर उभी राहणारी माणसे त्याच भाषेत जन्मली. रशियाशी आपली मैत्री अवश्य राहावी, पण तिथून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, याचा विवेक आपल्यापाशी असावा. राष्ट्राच्या बोधचिन्हाखाली आपण 'सत्यमेव जयते' हे शब्द कोरले आहेत. ते दगडात राहू नयेत, आपल्या रोजच्या बोलण्यात यावेत, एवढी अपेक्षा व्यक्त करतो आणि थांबतो.